आलं ठेचायचा गेज

रशीदभाईंवर ठपका ठेवणारा मेमो टाइप होऊन माझ्या टेबलावर आला होता. फक्त माझी सही बाकी. चाकणच्या त्या कंपनीत मी क्वालिटी मॅनेजर होतो आणि ते माझे सर्वांत जुने इन्स्पेक्टर. त्यांनी काल पास केलेला माल आज सकाळी कस्टमरने परत पाठवला. भोकं लहान, पिन शिरत नव्हती.

भोक तपासायला प्लग गेज असतो. मूठ असलेला पोलादी दांडा. भोकात गेला की पार्ट पास. वापरून वापरून तो झिजतो, बारीक होतो आणि मग लहान भोकातही बिनबोभाट जातो. असा गेज बाद करून मोडून टाकायचा असतो.

"असा माणूस लाइनवर नको," समोर बसलेले प्लँट हेड म्हणाले. "घरी बसवा."

तेवढ्यात रशीदभाई गेज घेऊनच केबिनमध्ये आले. "साहेब, काल सकाळी मी नंबर बघून गेज घेतलावता. ह्यो आपला नंबर न्हाई." मुठीच्या खाचा नखाने उकरून त्यांनी वास घेतला. "आन् याला आलं लागलंय."

मी पायाने टेबलाचा खालचा ड्रॉवर घट्ट लावला.

डिपार्टमेंटची चहाची किटली मीच बंद केली होती. मशिनचा चहा प्या, साधं राहा, असं दर सोमवारी मीटिंगमध्ये ऐकवायचो. माझ्या खालच्या ड्रॉवरमध्ये मात्र किटली, गवती चहा, वेलदोडे असा संसार होता. आणि आलं ठेचायला एक बाद गेज. इतका झकास बत्ता मोडवेना. काल दुपारी तो धुऊन हातात घेऊनच राउंडला गेलो, रशीदभाईंच्या टेबलावर ठेवला आणि निघताना त्यांचा उचलला. म्हणजे आज सकाळचं आलं मी चांगल्या गेजने ठेचलं होतं.

गप्प बसावंसं वाटलं, खोटं कशाला सांगू? पण त्या माणसाची नोकरी जात होती. मी ड्रॉवर उघडला.

प्लँट हेडनी मेमोवरचं नाव खोडून माझं घातलं. "कारणात काय लिहू?"

"बाद गेज मोडला नाही."

"आणि आलं?"

"तेही लिहा."

सगळा माल आम्ही दोघांनी पुन्हा तपासला. मधेच मी विचारलं, "रशीदभाई, मशिनचा चहा आवडतो तुम्हाला?"

"न्हाई. पण साहेब सोता त्योच पितात म्हणून चार वर्षं पितोय."

बोलताना त्यांनी मान वर केली नाही, तेच बरं झालं. किटली मी डिपार्टमेंटला देऊन टाकली. साधेपणावर बोलणाऱ्या साहेबाचा खालचा ड्रॉवर आधी उघडून बघा, असं नव्या इन्स्पेक्टरांना आता मीच सांगतो.