शून्यावर सही

"देवळांचा अभ्यास तू करणार? आत तरी गेला होतास का कधी?"

सर हसत म्हणाले. शिडीच्या पायथ्याशी उभं राहून, मराठीत. शेजारी चर्च कमिटीची माणसं होती. त्यांना वाटलं, काहीतरी तांत्रिक चाललंय. एका बाईंनी गंभीरपणे मान डोलावली. शिडीवरून मीही हसलो. तेव्हा मला हसायची वाईट खोड होती.

दोन हजार पाच-सहाची गोष्ट. न्यूझीलंडमधलं क्राइस्टचर्च. जुन्या दगडी चर्चांच्या भिंती तपासणारी सरांची लहानशी फर्म. रिसेप्शनवरची पोरगीसुद्धा सरांना नावाने, नुसतं 'श्री' म्हणायची. 'सर' म्हणायचं ते मी एकट्याने. पहिल्या दिवशी त्यांनी माझं आडनाव विचारलं, मग गाव, मग गावात घर कुठल्या बाजूला. तिसऱ्या उत्तराला त्यांचा चेहरा निवांत झाला.

काम मात्र माझ्या जिव्हाळ्याचं. पूर्वेच्या भिंतीला उभी भेग होती. तिच्यावर दोन पारदर्शक पट्ट्या, एक या काठाला चिकटवलेली, एक त्या. एकीवर बारीक चौकटी, दुसरीवर लाल फुली. भेग हलली की फुली सरकते. ऋतूप्रमाणे भेग थोडी उघडते, मिटते, ते चालतं. ही दीड वर्षं नुसती उघडत होती. दर गुरुवारी मी आकडा वहीत लिहायचो.

सोबत आई यायची. सहा महिन्यांसाठी आली होती, हॉर्नबी उपनगरातल्या आमच्या घरात एकटी कंटाळायची. चर्च कमिटीतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी 'किया ओरा' असा माओरी नमस्कार करत तिला हाताला धरून पहिल्या बाकावर बसवलं. भेगेच्या बरोब्बर खाली. आमची आई बौद्ध, देव मानत नाही, पण बाक सोडेना. "देवाच्या घरात पुढं बस म्हणणारी ही पहिलीच," म्हणाली.

मग तिथे एक बडं लग्न ठरलं. फोटोत दिसतात म्हणून सरांनी पट्ट्या काढल्या, भेग बुजवून रंगवली. लग्नानंतर नव्या पट्ट्या लावल्या. नव्या पट्ट्यांवर फुली मधोमध, शून्यावर असणारच. सरांनी रिपोर्ट लिहिला: हालचाल शून्य.

"रीडिंग तू घेतोस, सही तुझी."

"सर, जुने आकडे धरावे लागतील."

"व्हिसा कुणामुळे आहे तुझा? ती वही फेकून दे."

दोन दिवस रिपोर्ट घेऊन फिरलो. मुलीची शाळा, आमचं राहणं, सगळं त्या सहीला टांगलेलं. खोटं कशाला बोलू, पेनाचं टोपणही काढलं होतं.

गुरुवारी गेलो. ताज्या रंगातून केसाएवढी रेघ उमटली होती. खाली आई, डोळे मिटून.

"आई, ऊठ."

ती तत्काळ उठली. पदर सावरत, खालच्या आवाजात म्हणाली, "कुणी काही बोललं का रं?"

कारण न ऐकताच उठली. जन्मभराच्या सवयीने. ते उठणं मला सोसलं नाही.

गाडीतून दोरी आणली. पुढचे तीन बाक बांधून टाकले. रिपोर्टमधलं शून्य खोडलं, वहीतले सगळे आकडे लिहिले, खाली सही केली आणि रिपोर्ट म्हाताऱ्या बाईंच्या हातात दिला. बातमी लागताच सर धावत आले.

"कुणाला विचारून दोरी बांधलीस?"

"कुणालाच नाही, श्री."

नोकरी गेली. मागोमाग व्हिसा. मायदेशी परतलो. दोरी किती दिवस राहिली, मला कुणी कळवलं नाही.

भिंती मी अजून तपासतो. आता आडनाव कुणी विचारायच्या आत मीच सांगतो. गाव, घराची बाजू, सगळं. मग वही उघडतो. तिच्यातला आकडा कुणासाठी बदलणार नाही.