मागच्या रांगेतली तिसरी

चष्म्याच्या दुकानात तो काचा घासायचा, पण सगळे त्याला बिटरेटराव म्हणत. एकाच सिनेमाच्या तीन-तीन डिस्क आणायच्या, सेकंदाला कोणतीत किती डेटा धावतो ते वहीत टिपायचं आणि आकडा कमी भरला की कंपनीच्या नावानं बोटं मोडायची, हेच त्याचं वेड.

रविवारी दुपारी त्यानं एका जुन्या सिनेमातला नाच मध्येच थांबवला आणि मावशीला ऐटीत सांगितलं, "जुन्या डिस्कमध्ये पाच मेगाबिट, हिच्यात अठ्ठावीस! आवाजही दुप्पट. भिंतीचा पोपडासुद्धा दिसतोय बघ!"

त्याला लहानाचं मोठं करणारी मावशी टीव्हीजवळ गेली आणि मागच्या रांगेतल्या तिसऱ्या मुलीवर तिनं बोट ठेवलं.

"ही मी. लग्नाआधी आठवडाभर नाचले होते. आता तरी चेहरा ओळखू येतो का रे?"

हेच दृश्य त्यानं चाळीसदा तरी थांबवलं होतं. त्याची मान खाली गेली. मांडीवरच्या वहीत त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: 'भिंत उत्तम. मागच्या बायकांत बघण्यासारखं काही नाही.'

त्यानं वर पाहिलं, तर त्यानंच घासून दिलेल्या काचांचा चष्मा लावून मावशी वहीवर वाकली होती.