हरलेल्याला आधी सांगणारे तात्या

तात्यांपुढे भांडण घेऊन गेलेल्या माणसाला स्वतःची बाजू मांडायला मिळायचीच नाही. त्यानं तोंड उघडलं की तात्या हात वर करायचे. "तुजं मला ठावं हाय. त्याचं सांग." मग त्यानं समोरच्याची कैफियत सांगायची, आणि समोरचा "व्हय, ह्येच माजं म्हननं" असं म्हणेपर्यंत सांगत राहायची. पुष्कळ माणसं अर्ध्यावरच अडखळत, ओशाळं हसत आणि समेट करून घरी जात. मुळशी खोऱ्यातली बांधाची, पाटाची, सोडचिठ्ठीची कितीतरी भांडणं तात्यांच्या ओटीवरून अशी परत गेली.

तात्या काही शिकलेले न्यायाधीश नव्हते. पौडच्या मामलेदार कचेरीत शिपाई म्हणून त्यांचा जन्म गेला. दाराशी उभं राहून त्यांनी जे पाहिलं त्यातून त्यांची एक रीत ठरली होती. समेट फिसकटला आणि निवाडा द्यायची वेळ आली, तर तो हरलेल्याला आधी सांगायचा. एकट्याला, मागच्या पडवीत नेऊन. "कचेरीतनं जितल्याला समदे मिठ्या मारायचे. हरल्याला कोन इचारत न्हवतं. जितल्याला घाई नसती." पडवीतून परतणाऱ्याचा चेहरा ओटीवरचे लोक बघायचे आणि कळायचं ते कळायचं.

मी हे ऐकलेलं सांगतो आहे, मी काही त्यांचा गाववाला नाही. माझा पुण्यात छापखाना होता. गाण्यांच्या चोपड्या छापायच्या आणि जत्रांतून विकायच्या, हा धंदा. अशाच एका जत्रेत मी म्हाळू धनगराची ओवी ऐकली. बसल्या जागी ती उतरवून घेतली, त्याला एक मुंडासं दिलं आणि कागदावर अंगठा घेतला. चोपडी खपली. मग ग्रामोफोनच्या तबकड्या काढणाऱ्या एका कंपनीनं ते गाणं मागितलं. रचना कोणाची, असं त्यांच्या कागदावर विचारलं होतं. मी माझं नाव लिहिलं. दर सहा महिन्यांनी रॉयल्टी येऊ लागली. तबकडी पुरेना म्हणून शेवटची ओळ गाळावी लागली आणि नेमकं त्याच ओळीत म्हाळूचं नाव होतं. मला ते सोयीचंच पडलं; चोपडीच्या पुढच्या आवृत्तीतूनही मी ती ओळ काढली.

पौडच्या चहाच्या दुकानात म्हाळूनं ती तबकडी ऐकली. गाणं संपल्यावरही तो दारात उभाच होता म्हणे, शेवटची ओळ अजून यायची आहे म्हणून.

म्हाळू तात्यांकडे गेला. कोर्टात गेलो तर कंपनीचा कागद उघडा पडणार, म्हणून मी लवादाला कबूल झालो. आम्ही दोघांनी सही-अंगठा करून तात्यांचा निवाडा मान्य राहील असं लिहून दिलं. त्या दिवशी तात्यांनी माझ्याकडची सुपारीसुद्धा घेतली नाही. सुनावणीच्या दिवशी ते कोणाचंच काही घेत नसत.

"छापखानेवाले, म्हाळूचं सांगा."

मी सांगितलं. गाणं त्याचं, कमाई माझी, त्याला निम्मा वाटा हवा. चांगलं घोटून आलो होतो. म्हाळूनं मान हलवली. "न्हाई. नावाचं ऱ्हायलं." मी पुन्हा सांगितलं आणि पुन्हा नाव राहिलं. मुद्दाम नव्हे, खरंच सुचलं नाही.

तात्यांनी समेट सुचवला: नव्या चोपडीत आणि नव्या तबकडीत शेवटची ओळ घालायची, रॉयल्टी निम्मी-निम्मी. म्हाळू म्हणाला, "पैशाचं ऱ्हाऊ द्या, तात्या. नाव तेवडं घाला." इतक्या स्वस्तात सुटत होतो मी! पण नाव घातलं की कंपनीपुढे मी खोटा पडणार होतो. मी नाही म्हणालो.

आणि मग मी ते सुचवलं. म्हटलं, म्हाळूनं त्याच्या देवाचा, बिरूबाचा बेल-भंडारा उचलून शपथेवर 'गाणं माझं आहे' एवढंच म्हणावं. म्हणाला तर सगळं त्याचं, नाही म्हणाला तर माझं. जत्रांतून हिंडून ही माणसं मला चांगली ठाऊक झाली होती.

"शबूद नीट ऐकलास का, म्हाळू?" तात्यांनी विचारलं.

"ऐकला. भंडाऱ्याला मी कशापायी भिऊ?"

त्यानं तळहातावर भंडारा घेतला, कपाळाला लावला आणि थांबला. "गानं बिरूबाचं हाय, तात्या," तो म्हणाला. "मी निस्ता गळा."

"मग नाव कशाला मागतुयास?"

"ती चाकराची हजेरी. हजेरीच लागली न्हाई, तर म्या गायलो ह्ये त्येला कसं कळायचं?"

तात्या उठले, आणि माझ्याकडे बघून पडवीकडे निघाले. हरलो, असं म्हणत मी मागोमाग गेलो. तात्यांनी निवाडा कागदावर लिहिला आणि वाचला. ठरल्या शब्दाप्रमाणे गाण्याचा हक्क, रॉयल्टीसुद्धा, छापखानेवाल्यांचा.

"म्हणजे मी जिंकलो?"

"कागदावर तसंच हाय."

"मग मला आधी का बोलावलंत?"

"आजवर रीत मोडली न्हाई मी," तात्या म्हणाले, आणि म्हाळूला सांगायला बाहेर गेले.

मला काही वाटलं नाही, हे खरं तेच सांगतो. पौडहून पुण्याची मोटार किती वाजता, हेच मी विचारलं. पुढची दोन-तीन वर्षं तशीच गेली. रॉयल्टीचं पाकीट यायचं आणि मी ते न फोडता खणात टाकायचो. शेवटी एका सकाळी मी कंपनीला खरं काय ते लिहून टाकलं. त्यांनी तबकडी बंद केली. मी चोपडी पुन्हा जुळवून छापली, शेवटच्या ओळीसकट, आणि ती घेऊन निघालो.

तोवर मुळशीच्या नव्या धरणाचं पाणी चढून तात्यांचं गाव बुडालं होतं. ते कासार आंबोलीला लेकीकडे राहत होते. म्हाळूच्या मेंढरांची वाटही पाण्याखाली गेली होती. तो कळप घेऊन घाटावर कुठे गेला, कोणाला ठाऊक नव्हतं. त्या निवाड्यानंतर तात्या पुन्हा कधी लवादाला बसले नाहीत, असं लेक म्हणाली. मी भेटून आलो त्यानंतर वर्षभरात ते गेलेच. ती आमची शेवटची भेट.

तात्यांनी चोपडीतल्या त्या ओळीवरून बोट फिरवलं. मग डोळे मिटून म्हणाले, "म्हाळूचं सांगा."

मी सांगितलं. या वेळी नाव आधी सांगितलं, हजेरीचं सांगितलं, तो दारात उभा राहिला होता तेही सांगितलं. काही म्हणजे काही राहिलं नाही. सांगून झालं आणि मी वाट बघत बसलो. तात्या "व्हय" म्हणाले नाहीत. ते म्हाळूनं म्हणायचं होतं.