गोचिडांची पुडी

जुन्या जालन्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका जैन शेटजींचं कापडाचं दुकान होतं. दुकान उघडायच्या आधी ते पायरीवर बसून गल्लीतल्या पिवळ्या कुत्रीच्या अंगावरचे गोचीड काढायचे. चिमट्यानं एकेक गोचीड अलगद सोडवायचे, कागदाच्या पुडीत ठेवायचे आणि पुडी घेऊन नदीकडं जायचे. शाळेत शिकवायला जाताना मी हे रोज बघायची. आमच्या घरी गोचीड सरळ रॉकेलमध्ये टाकत. शेवटी एकदा विचारलंच, "शेटजी, या पुडीचं काय करता?"

"नदीपल्याड झुडपात सोडून येतो, बाई. माझ्या हातानं जीव जायला नको."

"पण तिथं बकऱ्या चरतात. त्यांना चिकटतील की."

ते पुडी हातात धरून नुसते बसून राहिले.

पुढे चार-पाच दिवस पायरी रिकामी होती. कुत्री यायची, वाट बघायची आणि निघून जायची. मला उगाच बोलल्यासारखं झालं.

मग एका सकाळी शेटजी बादली घेऊन बसलेले दिसले. कडुलिंबाचा पाला उकळून गार केलेल्या पाण्यानं कुत्रीला धुवत होते आणि बारीक दातांची फणी फिरवत होते. गल्लीतली आणखी दोन कुत्री ओली होऊन उन्हात अंग झटकत होती.

"आता सगळ्यांलाच धुवून राह्यलो," ते म्हणाले. "चिकटूच दिलं न्हाई, तर मारायचं का सोडायचं हा सवालच न्हाई."

"आणि तरी एखादा चिकटला तर?"

त्यांची फणी थांबली.

"तेवढं इचारू नका, बाई," ते हळूच म्हणाले.