केसरवयनी उठून चालू लागते

केसरवयनीचं तोंड बघून तिच्या मनातलं ओळखील, असा माणूस आमच्या करंज्यात अजून जन्माला यायचाय. बावीस वर्षं ती बंदरावर बोटवाल्यांकडून मासळी घेते आणि उरणच्या बाजारात विकते. तिला सुरमई हवी असली की ती बांगड्याकडं बघत बसते. मग सहज म्हणून सुरमईचा कल्ला बोटानं उचलायचा, नाक मुरडायचं, "वास मारतंय" म्हणून ती परत टाकायची, आणि गुडघ्यावर हात ठेवून उठून चालू लागायचं. मागं वळून बघायचं नाही. दहा पावलांच्या आत बोटीचा नाखवा ओरडतोच, "ये गो केसर, ने तू बोलशील त्या भावान!"

पण अलीकडं हे उठणंच होईना. गुडघे गेले. डॉक्टरांनी उकिडवं बसायला बंदी घातली. मासळीवाल्या बाईला उकिडवं बसू नको म्हणणं म्हणजे मास्तरला खडू धरू नका म्हणण्यासारखं.

अशात न्हावा शेव्याच्या रस्त्यावर मासळी परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीनं जागा काढली. आलेला माल ताजा की शिळा ते बघायचं आणि प्रतवारी लावायची. टेबल, खुर्ची, महिन्याच्या महिन्याला पगार. वयनी माझ्या ओट्यावर आली.

"मास्तर, मना ती खुर्ची पायजे. आनखी दोन वर्सं अशीच खाली बसली त पाय कायमचं जातील."

हे तिनं मला उघड सांगितलं, कारण मी मासळी विकत नाही.

मुलाखत म्हटल्यावर मी पुढं होणं आलंच. मी निवृत्त शिक्षक. गेल्या वर्षी अलिबागला 'सकारात्मक देहबोली' या विषयावर दोन दिवसांचं शिबिर केलं, त्याचं प्रमाणपत्र माझ्या भिंतीवर आहे. माझी स्वतःची मुलाखत आयुष्यात एकदाच झाली. ती घेणाऱ्या साहेबांच्या घरी आमच्या काकांनी आदल्या दिवशी पापलेटं पोचवली होती, त्यामुळं माझ्या देहबोलीकडं कुणी पाहिलंच नाही. पण शिकवायला अनुभव लागतो, असं कुठं लिहिलंय?

चार संध्याकाळी मी तिला शिकवलं. समोरच्याच्या नजरेला नजर द्यायची. तळवे उघडे ठेवायचे. किंचित पुढं झुकून बसायचं, म्हणजे आपल्याला कामात रस आहे हे त्याला दिसतं. आणि हसतमुख राहायचं.

"हासायचा? घेताना?" वयनी हबकली. "मास्तर, गिऱ्हाईक हासला का आमी भाव वाढवतो."

"ही मासळी नाही, नोकरी आहे."

"एक देनारा हाय, एक घेनारा हाय. मंग?"

मी तिला अडाणी म्हणालो. मनातल्या मनात. तोंडावर म्हणायची करंज्यात कुणाची छाती नाही.

मुलाखतीच्या दिवशी मीच तिला स्कूटरवरून घेऊन गेलो. ती आत गेली आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो. दार काचेचं, आणि नीट लागत नव्हतं, त्यामुळं दिसतही होतं आणि ऐकूही येत होतं. मुलाखत घ्यायला हेतल मॅडम म्हणून तिशीच्या बाई होत्या. माझ्या शिबिरातले सगळे नियम त्यांच्या अंगात मुरलेले. हसू तर असं, की एकदा चढवलं की संध्याकाळी घरी जाऊनच उतरवत असतील.

त्यांनी मासळीचे चार ट्रे मागवले. वयनीनं हातही न लावता कुठली आजची, कुठली कालची आणि कुठली बर्फात चार दिवस पडलेली ते सांगितलं. एकही चूक नाही. मॅडम खूष झाल्या.

"अठरा हजार देऊ. बरं, तुम्हाला ही नोकरी का हवी आहे?"

झालं! बावीस वर्षं तिच्या अंगात उभी राहिली. तिनं तोंड खिडकीकडं फिरवलं. टेबलावरून एक बोट ओढलं, त्याला लागलेली धूळ बघितली आणि नाक मुरडलं.

"कोनाला हवीय? अठरा हजारात हितं माशीबी बसायची न्हाय."

गुडघ्यावर हात ठेवला, उठली आणि चालू लागली.

मी कपाळावर हात मारला. ती येऊन माझ्या शेजारी बसली. "गप ऱ्हा मास्तर. बोलवतील."

पाच मिनिटं गेली, दहा गेली. मग एक टायवाला उमेदवार दात दाखवतच आत गेला. तेव्हा वयनीच्या चेहऱ्यावर मला पहिल्यांदा काहीतरी वाचता आलं. ती घाबरली होती.

"ही लोकं मागनं हाक मारत न्हाईत?"

"नाही मारत, वयनी."

बंदरावर सोडलेल्या मालाकडं आपणहून परत जाणं म्हणजे नाक कापून हातात देणं. ती कधी गेली नव्हती. टायवाला बाहेर आला तशी ती उठली आणि आत गेली. खुर्चीच्या कडेवर टेकली, पुढं झुकली, दोन्ही तळवे टेबलावर पसरले आणि मॅडमच्या डोळ्यांत बघितलं.

"बाय, मना ही नोकरी पायजे. माझं गुडघं गेलंत. मासळी मना कलते, पन आता खाली बसवत न्हाय."

आणि ती हसली. रडू आवरायला माणूस हसतो तशी. इतकी सकारात्मक देहबोली शिबिरातल्या सरांचीही नव्हती. मला मात्र बघवेना; मी मान खाली घातली.

टायवाल्याला मासळीतलं ओ की ठो कळत नसणार. मॅडम नेहमीसारख्याच गोड हसल्या. "खूप छान, केसरताई. एक तारखेपासून या. फक्त पगार आता चौदा राहील हं."

वयनीनं पसरलेले तळवे मांडीवर ओढून घेतले. मग तिनं मान डोलावली.

परतीच्या वाटेवर मीच विषय काढला. नाही म्हटलं तरी शिकवणी माझी होती.

"बघितलंत ना वयनी? शेवटी देहबोलीनंच काम झालं."

"झाला ना," मागून ती म्हणाली. "म्हयन्याला चार हजाराला पडला तुमचा हासू."