ताप खोताच्या घरी होता

खोताने फडकं फेकलं ते बाच्या पायावर पडलं. गोठ्यातलं फडकं. म्हशीची कास पुसायचं, शेणाने कडक झालेलं.

"बांध तोंडाला," खोत म्हणाला. "डॉक्टर काय सांगून गेला ते ऐकलंस ना? तोंडावर कापड पाहिजे. तुझा वारा नको आम्हाला."

बा खोकत नव्हता. आमच्या अख्ख्या महारवाड्यात त्या दिवशी कोणी खोकत नव्हतं. खोकल्याचा आवाज येत होता तो खोताच्या माजघरातून. त्याचा मुलगा मुंबईहून आगबोटीने आला होता आणि आल्यापासून अंथरुणाला खिळला होता. खोकायचा, कण्हायचा, पुन्हा खोकायचा. अंगणातल्या प्रत्येकाला ते ऐकू येत होतं. ओटीवर खोत होता, पायरीखाली गावातले कुणबी उभे होते, कुंपणापाशी डोक्यावर वेठीच्या लाकडांची मोळी घेऊन मी होते. सगळे ऐकत होते आणि सगळे बाच्या तोंडाकडे बघत होते.

बाने फडकं उचललं. बांधलं.

"म्हणून दाखव बघू आता. मी सांगितलं तसं."

बा फडक्यातून बोलला. "ऐका हो ऐका. मानमोडीचा ताप महारवाड्यात आलाय. महारांना पानवठ्यावर येऊ देऊ नका. त्यांच्या वाऱ्याला उभं ऱ्हाऊ नका. गावात बाकी कायबी न्हाय. खोतांकडच्या लग्नाच्या सुपारीला समद्यांनी यावं."

एक कुणबी फिसकन हसला. मग खोतही हसला. म्हणाला, "जरा मोठ्याने म्हण, खाडीपर्यंत गेलं पाहिजे."

खाडीच्या काठाला आमचं गाव. जमीन खोताची, झाडं खोताची, आमचे हातपायही त्याचेच. दवंडीचं काम आमच्या घराकडे होतं. गावाला काय कळवायचं ते खोत सांगणार, बा डफडं वाजवून ओरडणार. बाचं तोंड, पण शब्द त्याचे कधीच नव्हते. मी तेव्हा लग्नाला आलेली पोर होते. त्या अंगणात मला पहिल्यांदा बापाची लाज वाटली, आणि त्या लाजेचा राग मी बापावर काढला नाही. तो खोतासाठी राखून ठेवला.

कारण डॉक्टर काय सांगून गेला होता ते मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. आदल्या दिवशीच आला होता तो. पोरांना देवी टोचणारा सरकारी माणूस, गाव त्याला देवी डॉक्टर म्हणे. चावडीच्या ओट्यावर उभा राहून बोलला आणि आम्ही खाली उन्हात बसून ऐकलं. म्हणाला, हा इन्फ्लुएन्झा, तुम्ही मानमोडी म्हणता तोच. खोकल्यातून, शिंकेतून, थुंकीतून पसरतो. ज्या घरी ताप असेल त्या घरी जाऊ नका, त्या घरच्यांनी बाहेर हिंडू नका. आजाऱ्याला वेगळं निजवा, खिडक्या उघड्या ठेवा. खोकताना तोंडावर कापड धरा. थुंकी राखेत घ्या आणि लांब खड्ड्यात पुरा. पाणी उकळून गार करा आणि भरपूर पाजा. लग्न, बारसं, जत्रा, जिथे दाटी होते ते सगळं पुढे ढकला. ताप उतरला म्हणून लगेच कामाला लागू नका. आणि मुख्य म्हणजे, कोणाच्या घरी ताप आहे ते लपवू नका. यात लाजण्यासारखं काही नाही.

मग त्याने खोताला विचारलं, "गावात आहे का कोणाला?"

"छे," खोत म्हणाला. "महारवाड्यात असला तर असेल."

डॉक्टरने ते ऐकलं. महारवाड्यात येऊन बघितलं नाही. खोताकडे चहा घेतला आणि गेला. त्यालाही मी सोडलेलं नाही.

खोताने लपवलं कशासाठी, तर मुलासाठी दिवेआगरची सोयरीक होती. नारळी-पोफळीच्या वाड्या असलेले लोक, मोठं घर. ते मचव्याने, खाडीतून, सुपारी फोडायला येणार होते. मुलगा तापाने पडलाय असं कळलं असतं तर सुपारी फुटली नसती. पण ताप कुठेतरी आहे हे डॉक्टरने सांगून टाकलेलं. मग तो कोणाच्या तरी दारात ठेवायला नको? आमच्या दारात ठेवला.

आणि मग तो खरंच आला. खोताच्याच घरून आला. माझी आय खोताच्या परसात झाडलोट करायची. मुलाच्या थुंकीची राख भरलेली पाटी मागच्या दारी ठेवलेली असायची, ती आयने उचलायची, खड्डाही आयनेच खणायचा. मुलाच्या पानात उरलेली पेज वरून तिच्या थाळीत ओतायचे. राखेला हात लावायला त्यांच्या घरात कोणी तयार नव्हतं. डॉक्टरची गोष्ट त्यांना बरोबर समजली होती. फक्त त्यांनी ती स्वतःपुरती वापरली.

आय आडवी झाली. अंग चुलीसारखं तापलं, मान उचलेना. मी मडकं घेऊन विहिरीवर गेले. आम्हाला पोहरा सोडायची मुभा कधीच नव्हती. लांब मडकं ठेवून बसायचं, कोणाला दया आली की वरून धार सोडायची. त्या दिवशी मी बसले. बायका आल्या, भरून गेल्या. माझ्या मडक्याकडे कोणी बघेना.

"पानी घाला गो बाय," मी म्हटलं. "आय तापलीय."

एक कुणबीण म्हणाली, "लांब हो. तुज्या बानंच वरडून सांगितलंय न्हवं?"

बाच्याच आवाजात आमचं पाणी तोडलं होतं खोताने. हे माझ्या डोक्यात शिरलं तेव्हा मी रडले नाही. मडकं उचलून घरी आले. ओढा आटला होता. खाचराच्या कोपऱ्यात म्हशी लोळायच्या तिथलं गढूळ पाणी फडक्यातून गाळलं, उकळलं, तेच आयला पाजलं. तिने अर्धं ओकलं. मग बासुद्धा पडला. त्याचा घसा बसला, तोंडातून नुसता वारा यायला लागला.

सुपारीच्या दिवशी सकाळी खोताच्या घराकडून सनईचा आवाज आला. आय चटईवर ओठ चाटत पडली होती. मी उठले आणि खुंटीवरचं डफडं काढलं. आमच्यात बाई डफड्याला हात लावत नाही. बाने अंथरुणातून हात हलवला, नको नको म्हणून. मी बाहेर पडले.

भरती चढली होती. मचवा धक्क्याच्या जवळ आला होता. पागोटी दिसत होती, जरीची लुगडी दिसत होती. मी धक्क्याच्या टोकाला उभी राहिले आणि असं बडवलं की हाताची साल निघाली.

"ऐका हो ऐका. मानमोडी खोताच्या घरी हाय. खोताचा पोरगा मुंबईहून ताप घेऊन आलाय. त्याची थुंकी माज्या आयनं उचलली, माजी आय मराया टेकलीय. डॉक्टरनं सांगितलंय, ताप हाय त्या घरी पाय ठेवू नका. सुपारी पुढं ढकला. ऐका हो ऐका."

खोताचे गडी धावत आले. पण मला धरणार कसे? हात लावला तर विटाळ, आणि वर सोयरे बघतायत. अंघोळीला वेळ कुठे होता? जन्मभर ज्या विटाळाने आम्हाला लांब ठेवलं, त्याने त्या दिवशी त्यांनाही लांब ठेवलं. त्यांनी ढेकळं मारली. एक कपाळावर बसलं. मी ओरडायची थांबले नाही.

मचव्यातून एक म्हातारा उठून उभा राहिला. तो मुलीचा आजा होता हे मागून कळलं. त्याने विचारलं, "मुलगा कुठे आहे?"

एव्हाना खोत स्वतः पोचला होता. उपरणं सावरत म्हणाला, "घरी आहे हो. जरा पोट बिघडलंय. ह्या पोरीचं काय ऐकता, महाराची जात."

"मग त्याला इथे आणा," म्हातारा म्हणाला. "धक्क्यावर उभा राहिलेला बघू दे. मग आम्ही उतरतो."

खोत गड्यांकडे बघायला लागला. गडी एकमेकांकडे. कोण आणणार होतं त्याला, खांद्यावर घालून? म्हाताऱ्याने मचवा हाकणाऱ्या तांडेलाला खूण केली आणि मचवा फिरला. मी हसले. खोताच्या तोंडावर, मोठ्याने हसले. तसलं सुख मला आयुष्यात पुन्हा मिळालेलं नाही, अगदी पोटच्या पोरांच्या वेळीही नाही.

संध्याकाळी खोत आमच्या वाड्यापाशी आला. बांधावर उभा राहिला. जन्मात पहिल्यांदा आला असेल. गड्याच्या डोक्यावर पाण्याने भरलेला हंडा होता. पाणी हिंदकळलेलं मला ऐकू येत होतं, आत आयलाही आलं असणार.

"दिवेआगरला माणूस पाठवलाय," तो म्हणाला. "दोन दिवसांनी ते पुन्हा येतील. तू धक्क्यावर उभी राहायचंस आणि सांगायचंस, मी खोटं बोलले. भुकेपायी बोलले. एवढं कबूल कर, हा हंडा आत्ता घे. विहीरही उद्यापासून सुरू."

बा उंबऱ्यात येऊन बसला होता. त्याने माझे पाय धरले. बापाने. घशातून वारा काढत म्हणाला, "म्हन गो पोरी. एवढं म्हन."

आत आय म्हणाली, "पानी."

लोकांना वाटतं मी मोठा विचार केला. हो म्हटलं असतं तर मचवा परत आला असता, ताप दिवेआगरला गेला असता, आणि तिथेही आमच्याच नावाने बोंब झाली असती. ते सगळं खरं आहे, पण ते मला नंतर सुचलं. त्या वेळी माझ्या मनात सूड होता. ह्या माणसाला मी काही एक देणार नव्हते.

"न्हाय म्हननार," मी म्हटलं.

"आई मरेल तुझी."

"मरंल. तुमच्यापायी मरंल. आनि ते बी मी वाजवीन."

त्याने गड्याला खूण केली. गड्याने हंडा आमच्या डोळ्यांदेखत बांधावर ओतला. माती लगेच प्याली.

मी मडकं घेतलं आणि ओहोटीला खाडीत उतरले. पलीकडे मुसलमानांचा मोहल्ला होता, तिथे गोडी विहीर होती. मांडीएवढा चिखल. इतके दिवस आमच्यातलं कोणी तिकडे गेलं नव्हतं, खोताचं पाणी म्हणजेच पाणी अशी आम्हाला सवय लागली होती. विहिरीवर एक म्हातारी होती. तिने माझं चिखलाचं अंग बघितलं, कपाळावरचं रक्त बघितलं आणि जात विचारली नाही. पोहरा माझ्या हातात दिला. जन्मात पहिल्यांदा मी विहिरीतून पाणी ओढलं.

आयला पाणी मिळालं. उकळून, गार करून, पोटभर मिळालं. तरी ती गेली. ताप छातीत उतरला होता, दोन दिवस तिने श्वासासाठी झगडा केला. बा जगला, पण माझ्याशी फार बोलला नाही. खोताचा मुलगाही जगला. त्याच्यासाठी माणगावहून डॉक्टर आणला, दूध, मोसंबी, रोज नवी चादर. माझ्या आयने उचललेल्या राखेवर तो जगला.

आयला माती देऊन आले त्या दिवशी मी डफडं घेऊन गावभर फिरले. प्रत्येक आळीत थांबून सांगितलं, माझी आय कोणाच्या तापाने मेली आणि पाणी कोणी तोडलं. खोताच्या दारासमोर सगळ्यात जास्त वेळ उभी राहिले. दारं लागलेली होती, पण दारामागे माणसं होती. विहिरीवर मला हटकणारी ती कुणबीण तिच्या घराच्या खिडकीत होती. तिने मान खाली घातली. मला तिची खाली मान नको होती.

पुढच्या पावसाळ्याआधी आमच्या वाड्याने गावकीचं काम सोडलं. ढोरं ओढायचं सोडलं, वेठ सोडली, दवंडी सोडली. खोताने आमची भातं कापू दिली नाहीत, गुरं कोंडली. आम्ही उपाशी राहिलो. खाडीपलीकडे मजुरीला गेलो. अर्धा वाडा मुंबईला गेला. बाकीचे इथेच राहिलो, मी तर मुद्दाम राहिले. लग्नही असं करून घेतलं की नवराच इथे आला.

मधली वर्षं गेली. म्हातारा खोत मेला. आता तो खोकणारा मुलगाच खोत आहे. गेल्या महिन्यात ताप पुन्हा खाडीने वर आला. नवा देवी डॉक्टर येऊन तेच सगळं सांगून गेला. दुसऱ्या दिवशी खोताचा माणूस माझ्या दारात. म्हणाला, झालं गेलं विसर, गावाच्या भल्याचं काम आहे, तूच दवंडी दे, तुझं लोक ऐकतात. मागचं सगळं माफ आहे असं खोत म्हणाले.

मी विचारलं, "कोनी कोनाला माफ केलंय?"

मग त्याच्याकडून खोताला निरोप दिला, तो असा. दवंडी मी देणार. तुझ्या सांगण्यावरून नाही आणि तुझ्या शब्दांत नाही. डॉक्टर म्हणाला ते सगळं सांगणार, एक शब्द गाळणार नाही. ज्या घरी ताप असेल त्या घराचं नाव घेणार, मग ते माझं असो की तुझं. ताप असलेल्या घराचं पाणी कोणी तोडलं तर त्याचंही नाव घेणार. आणि रोज सकाळी सुरुवात तुझ्या दारापासून करणार. आधी तुझ्या माजघराला कान लावणार, मगच पुढच्या घरी जाणार. तू खोकशील त्या दिवशी सगळ्या खाडीला कळेल. तुझ्या पोराला विहिरीचं पाणी मिळेल, उकळून प्यायला सांगेन, तेवढं मी तुझ्या बापासारखी नाही. पण माफी मिळणार नाही.