सुनेच्या मामांनी बोलावलेलं जग

जगातल्या एकाही देशानं आमच्या सुनेच्या मामांना कधी बोलावलं नाही, म्हणून मामांनी एका रविवारी सगळ्या जगालाच अमेरिकेत, आमच्या नेपरव्हिलला बोलावलं. आणि नवल म्हणजे जग आलं! नटूनथटून, पोराबाळांसकट, हातात भेटवस्तू घेऊन आलं. ते कशाला आलंय ते मात्र आलेल्या सगळ्यांनी वेगळंच समजून घेतलं होतं, पण ते येईलच पुढे.

मुक्ता, म्हणजे माझी सून, तिचे हे सख्खे मामा. सांगलीच्या एका कॉलेजात चौतीस वर्षं फ्रेंच शिकवत होते. सांगलीत फ्रेंच कोण शिकतं, असं मीही विचारलं होतं. तर म्हणे मार्क चांगले पडतात म्हणून पोरं रांग लावायची. मामा कधी फ्रान्सला गेलेले नव्हते. त्यांना ज्या सरांनी फ्रेंच शिकवलं तेही गेलेले नव्हते. म्हणजे आपल्याकडे घराण्यात लोणच्याची कृती उतरते ना, सासूकडून सुनेकडे, तसं सांगलीत फ्रेंच उतरत आलेलं. बरणी कुणी उघडून बघितलेली नाही.

गेल्या वर्षी मामा सहा महिन्यांसाठी भाचीकडे आले. भाचीच्या सासरी राहायचं म्हणजे जुन्या वळणाच्या माणसाला अवघडच. पहिले आठ दिवस दुसरी पोळी घेताना माझ्याकडे बघायचे आणि मी "घ्या हो" म्हटलं की अर्धी घ्यायचे. फेड म्हणून सगळ्या घराच्या कपड्यांच्या घड्या घालायचे. माझ्या मुलाच्या टीशर्टांना आमच्या घरात पहिल्यांदा इस्त्रीची घडी पडली ती मामांच्या कारकीर्दीत. जूनच्या उन्हात गळ्यात मफलर. सूर्यनमस्कार फ्रेंचमध्ये मोजायचे. आणि बोलायचे कुणाशी म्हणाल, तर भांडी धुण्याच्या मशीनशी! एकेक ताटली आत ठेवताना तिला फ्रेंचमध्ये काहीतरी सांगायचे, मशीन घुर्र करून सुरू झालं की मान डोलवायचे. एकदा मुक्ताचा ऑफिसचा कॉल चालू होता आणि पलीकडून कुणीतरी विचारलं, "तुमच्याकडे रेडिओ चालू आहे का?" मुक्ता म्हणाली, "नाही, मामा भांडी लावतायत."

आता त्यांचं मुख्य वेड सांगते. फ्रेंच बोलणाऱ्या देशांचे म्हणून जगात एक मोठे खेळ भरतात, हे मला मामांमुळे कळलं. त्यात धावणं आहे, कुस्ती आहे, आणि त्याच्या जोडीला गाणं, नाच, चित्रं, एवढंच काय, गोष्ट सांगण्याचंसुद्धा पदक! "विहीणबाई," ते मला म्हणायचे, "गोष्ट सांगितल्याबद्दल सुवर्णपदक देणारी माणसं वाईट असतील का हो?" आपल्याकडे लोक क्रिकेटचे स्कोअर पाठ करतात तसे मामांना कुठल्या साली गोष्टीचं पदक कुणाला मिळालं ते पाठ. दर खेपेला त्यांनी यजमान देशाला पत्र लिहायचं, की मी स्वखर्चानं येतो, पाणी वाटतो, बूट सांभाळतो. दर खेपेला सभ्य भाषेत नकार यायचा. शेवटच्या नकाराच्या दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता त्यांनी जाहीर केलं, "ते आपल्याला बोलवत नाहीत ना? मग आपण त्यांना बोलवू. खेळ इथे भरवू."

माझा मुलगा म्हणाला, "मामा, पण होस्ट देशाची टीम लागते ना? आपण कुठे फ्रेंच बोलतो?"

"मी बोलतो," मामा म्हणाले. "उरलेल्यांनी पळायचं."

उरलेले म्हणजे कोण, तर आम्ही. सकाळी तळ्याभोवती चालायला जाणाऱ्या आम्ही आठ-नऊ जणी आहोत, सगळ्या कुणा ना कुणाच्या आया, साडीखाली स्पोर्ट्स शूज घालणाऱ्या. मामांनी आमचाच यजमान संघ केला. पार्कातली जागा मिळाली, तुपाच्या बरण्यांची झाकणं जरीच्या काठाला शिवून पदकंही झाली.

पण खरी गोष्ट वेगळी होती, आणि ती मला तळ्याच्या बाकावर कळली. आम्ही बसलो होतो आणि समोरून दोन बायका फ्रेंच बोलत गेल्या. मामा ताठ झाले, तोंड उघडलं, आणि मिटलं. मग म्हणाले, "विहीणबाई, खरं सांगू? ज्याची ही आईची भाषा आहे अशा माणसाशी मी आजवर एक वाक्य बोललेलो नाही. लिहायला बसलो की पानंच्या पानं लिहितो. पण बोलताना भीती वाटते. समोरचा हसला, किंवा त्याला कळलंच नाही, तर? चौतीस वर्षं मी पोरांना काय शिकवलं मग?"

म्हणून आमंत्रणं तोंडी न देता लेखी द्यायची ठरली. आमच्या दवाखान्यातली हैतीची नर्स मार्लेन, मुक्ताला विमानतळावर सोडणारा काँगोचा टॅक्सीवाला पास्काल, आणि बारीक वेण्या घालण्याचं दुकान चालवणारी सेनेगलची आवा, अशी तीन मुख्य घरं, आणि त्यांच्यामार्फत त्यांच्या ओळखीचे. मामांनी पन्नास कार्डं स्वतःच्या हातानं लिहिली. अक्षर असं, की मोत्याचा सर! आणि इथेच घोटाळा झाला. त्या सुंदर अक्षरामुळे सांगलीत तीस वर्षं गल्लीतल्या प्रत्येक लग्नाची पत्रिका मामांकडे लिहायला यायची. त्यामुळे त्यांच्या हाताला आमंत्रण म्हणून एकच प्रकार माहीत. 'कुलस्वामिनीच्या कृपेने' पासून 'सहकुटुंब सहपरिवार येऊन मंगलकार्याची शोभा वाढवावी' पर्यंत सगळं त्यांनी जसंच्या तसं फ्रेंचमध्ये घातलं. तळाशी आपल्याकडे घरातल्या चिमुकल्यांची एक ओळ असते ना, 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं', तीही घातली. लग्नाच्या जागी खेळ लिहिलं एवढंच. कोपऱ्याला कुंकू लावलं, चार अक्षता चिकटवल्या, आणि माझ्या हाताला धरून, म्हणजे तसं नव्हे हो, मला बरोबर घेऊन घरोघरी वाटत निघाले. मामा कार्ड द्यायचे, हात जोडायचे, एक शब्द न बोलता लाजून हसायचे. शेजारी मी, बरी साडी नेसून उभी. आता तुम्हीच सांगा, बघणाऱ्यानं काय समजायचं?

आवानं माझे दोन्ही हात हातात घेऊन डोळे पुसले, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

तो रविवार उजाडला. अकराची वेळ दिली होती. साडेअकरा झाले तरी मैदानावर आम्ही यजमानच, शूज बांधून, आणि गळ्यात शिट्टी घातलेले मामा. मुक्ता हळूच म्हणाली, "मामा, कॅन्सल करू या का? ऊन वाढतंय." मामा रस्त्याकडे बघत नुसते म्हणाले, "लग्नाच्या घरचे सुद्धा वेळेवर येत नाहीत गं." पण मफलर मात्र त्यांनी काढून हातात गुंडाळला होता, आणि तो ते पिळत होते.

आणि मग गाड्यांची रांग लागली. एक, दोन, पाच, बारा! पहिल्या गाडीतून आवा उतरली, कडक स्टार्चच्या निळ्याभोर झग्यात, डोक्याला सोनेरी फडकं, मागून चौदा माणसं. पास्काल सुटाबुटात, खांद्याला ढोल. मार्लेन, तिची काठी टेकत येणारी म्हातारी आई, हातात रिबिनीत गुंडाळलेला भला मोठा पातेल्यांचा सेट. उंच टाचा, अत्तरं, फुलं. खेळाचे बूट एकाच्याही पायात नाहीत. आवा सरळ माझ्यापाशी आली, माझी वेणी हातात घेतली, नाक मुरडलं आणि इंग्रजीत म्हणाली, "नवरीचे केस असे? बस खाली, मी करते!"

साठी उलटून गेलेली मी, आमचे हे जाऊन अकरा वर्षं झाली, आणि मी नवरी! मुक्ता हसून हसून गवतावर बसली. माझा मुलगा म्हणाला, "आई, काँग्रॅट्स, सांगायचं तरी!" मी म्हटलं, "गप्प बस, मेल्या!" आणि वळून बघते तर मामा पांढरेफटक.

"विहीणबाई, तुम्ही सांगा यांना. इंग्रजीत सांगा."

मी म्हटलं, "वा! लग्न तुम्ही लावलंत आणि मोडायला मी? चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना उभं करून बोलायला लावलंत ना? आता स्वतः उभे राहा."

मामा निघाले. पिकनिकच्या बाकावर चढले. शंभर-सव्वाशे माणसं, सगळी नवऱ्यामुलाकडे बघावं तशी बघतायत. मामांनी दोनदा घसा साफ केला, आणि बोलायला लागले. मला बोंजूरच्या पुढे काही येत नाही. मार्लेन माझ्या शेजारी उभी राहून एकेक वाक्य इंग्रजीत सांगत होती, म्हणून कळलं. ते म्हणाले, की माफ करा, इथे नवरी नाही, या बाई माझ्या भाचीच्या सासूबाई आहेत, आणि त्यांना खूप राग आला आहे. माणसं हसली. मामा दचकले, पण थांबले नाहीत. म्हणाले, "आमच्याकडे लग्नात एक रीत आहे. मुहूर्ताची वेळ आली की भटजी हाक मारतात, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन या. मुलगी मामाची नसते. तो तिचा बाप नव्हे. पण तिला मांडवापर्यंत आणायचा मान त्याचा. तुमची भाषा माझ्या घरात जन्मलेली नाही. मी चौतीस वर्षं नुसता तिच्या मागे उभा आहे. आज तिला मांडवात आणली, ती तुमची तुम्ही ओळखून घ्या."

मामा हा शब्द तेवढा त्यांनी मराठीच ठेवला होता, तो मला थेट कळला. कुणी हसेना, कुणी टाळी वाजवेना. आणि त्या शांततेत मार्लेनची आई काठी आपटून मोठ्यानं काहीतरी म्हणाली, तशी माणसं खो खो हसायला लागली. मामांची मान खाली गेली. मी मार्लेनचा हात घट्ट धरला. "काय म्हणाल्या?"

मार्लेनचे डोळे भरले होते. "आई म्हणते, हा माणूस अगदी आमच्या शाळेतल्या सरांसारखा बोलतो. साठ वर्षांत असं कुणी बोललं नाही. ती म्हणते, आता मला गृहपाठ दाखवावा लागणार!"

मी ते तिथूनच ओरडून मराठीत सांगायला निघाले होते, पण गरज नव्हती. मामांना कळलेलं होतं. पहिल्यांदा समोरून आलेलं वाक्य त्यांना कुणी भाषांतर न करता कळलं होतं! त्यांनी मान वर केली आणि म्हातारीला काहीतरी विचारलं. तिनं उत्तर दिलं. त्यांनी पुन्हा विचारलं. ती पुन्हा बोलली, हातवारे करून. सव्वाशे माणसं ताटकळत उभी, आणि हे दोघं बाकावर शेजारी बसून बोलतायत, बोलतायत. शेवटी पास्कालनंच मामांच्या गळ्यातली शिट्टी काढून फुंकली.

मग जे झालं ते मी आयुष्यात विसरायची नाही. टाचांचे बूट झाडाखाली ढिगानं पडले आणि सहा देश अनवाणी धावले. निळे झगे असे फुगले होते, की शिडांची होडी यावी तशी आवा पहिली आली. तिच्या नवऱ्यानं ते सुवर्णपदक, म्हणजे तुपाचं झाकण, कपाळाला लावलं. रस्सीखेचीत यजमान संघ! आम्ही पदर खोचले. समोर सुटातले दणकट पुरुष, इकडे आम्ही गुडघेदुखीवाल्या. पण कोल्हापूरच्या पाटीलवहिनी सगळ्यात मागे, दोर कमरेला गुंडाळून, "ओढा गं बायांनो, पाणी भरलंय ना जन्मभर!" म्हणून अशा गरजल्या की समोरचे निम्मे ते ऐकायलाच थबकले आणि आम्ही त्यांना ओढून घेतलं! गोष्ट सांगण्याचं पदक मार्लेनच्या आईला. तिनं कासवाची गोष्ट सांगितली. मी एक शब्द न कळता शेवटाला रडले, तर मार्लेन म्हणाली, "काकू, ती विनोदी होती." आणि हो, माझ्या डोक्यावर तोवर आवानं बत्तीस वेण्या घातल्या होत्या. पातेल्यांचा सेट परत नेईनात. तो आमच्याकडेच आहे. पुलाव त्यातच करते.

सप्टेंबरात सहा महिने संपले. मामा सांगलीला परत गेले. घर गप्प झालं, टीशर्ट पुन्हा चुरगळले. मशीन लावताना मी कधीकधी "बोंजूर" म्हणून बघते, पण माझ्या हातून ते तसं खूश होत नाही. मामांचा गुडघा आता बरा नाही, पुन्हा इतक्या लांबचा प्रवास नको असं डॉक्टर म्हणालेत.

परवा टपालात एक जाड पाकीट आलं. आवाच्या मुलीचं लग्न आहे. पत्रिका फ्रेंचमध्ये, छापील, आणि कोपऱ्यात चार तांदळाचे दाणे, लाल रंगवून, चिकटपट्टीनं चिकटवलेले. तळाशी हातानं लिहिलेल्या दोन ओळी. मी फोटो काढून मामांना पाठवला आणि फोन लावला. मामांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. तळाच्या दोन ओळीही वाचल्या आणि थांबले. मी म्हटलं, "काय हो, काय लिहिलंय?"

मामा म्हणाले, "विहीणबाई, पुन्हा वाचू का?"

"वाचा ना."

त्यांनी तीनदा वाचलं. मी तिन्ही वेळा ऐकलं. त्या दोन ओळींत मला कळला असा शब्द एकच होता, मामा.